पायावरची चटई

फागालेआ, सावाई बेट
१० जानेवारी

दादा,

बाबांना मातीत ठेवून तीन आठवडे झाले. तू आलास, सगळे आत बसलेले असताना बाहेर नारळाला टेकून उभा राहिलास आणि दुसऱ्या सकाळच्या बोटीने आपियाला पळालास. पळालास म्हणजे पळालासच. ताठ पायाचा माणूस इतक्या झपाट्याने धक्क्यावर पोचलेला मी आजवर पाहिला नव्हता.

तू गेल्यावर इथे काय झालं ते ऐक. सभाघरातला आपला खांब रिकामा आहे. सोमवारी घराघरांचे प्रमुख, सगळे मताई, आपापल्या खांबाला पाठ टेकून बसतात आणि बाबांच्या खांबाला कुणाचीच पाठ नसते. मोसेकाका संध्याकाळची प्रार्थना संपली की माझ्याकडे बघून असा सुस्कारा टाकतात की दिवा विझावा. भाऊबंदांनी ठरवलंय : 'तौलेवा' ही आपल्या घराची पदवी मोठ्या मुलाची, म्हणजे तुझी. ईस्टरपर्यंत येऊन खांबाशी बसलास तर ठीक, नाहीतर ती माझ्या डोक्यावर. आणि एकदा पदवी डोक्यावर बसली की माणूस गावाचा झाला. लग्नं, मयतं, अळूची शेतं, डुकरं, भांडणं, सगळं बघत मरेपर्यंत इथेच.

मला आपियाच्या कॉलेजातून उचलून आणलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. वाटलं, चार दिवसांची गोष्ट. मास्तर व्हायला दीड वर्ष उरलं होतं. आता माझं बाकसुद्धा दुसऱ्याला दिलंय म्हणे. समोर समुद्र, मागे लाव्हाचा काळा खडक, मध्ये एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही टोकांना आपले चुलते. संध्याकाळचा शंख वाजला की छातीवर कुणी झाकण ठेवल्यासारखं होतं.

आणि फुआतिनो! तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. बाजाराजवळच्या बेकरीत पाव विकते ती. तिच्या मावशीने ऑकलंडहून कागद पाठवलेत, जूनमध्ये ती जाणार. त्याआधी मी आपियात जाऊन तिच्या आईसमोर उभा राहिलो नाही तर माझं संपलं. सोबतचं पाकीट तिला दे. उघडू नकोस. तू उघडणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहितो.

ये रे. जागा तुझी आहे, मला कशाला डांबतोस?

कालोलो


आपिया
२१ जानेवारी

कालोलो,

पाकीट दिलं. मुलीने पिठाच्या हातानेच ते घेतलं आणि मला एक पाव फुकट दिला. पत्रामागे एक पाव असा दर ठरतोय तर भरपूर लिही.

पळालो ते खरं आहे. का पळालो ते ऐक. मी नीरफणसाच्या झाडावरून पडलो, हाड कुजलं, इस्पितळातून परतलो तेव्हा गुडघा बांबूच्या कांडासारखा एकजीव झाला होता, एवढं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, तू तेव्हा सात वर्षांचा आणि कायम शेंबडा होतास.

बाबा मला पहिल्यांदा सभाघरात घेऊन गेले. स्वतःच्या मागे बसवलं. मांडी घालता येईना, म्हणून पाय समोर पसरला गेला. समोरच्या खांबाला लेमाना बसले होते, गावाचे वक्ते. त्यांनी चवरी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "तौलेवा, तुझ्या पोराने माझ्यावर बंदूक रोखलीय. गोळी आहे की नुसतीच नळी?" सगळं घर हसलं. बाबासुद्धा. मग बाबांनी एक चटई घेतली आणि माझ्या पायावर टाकली. कुणी काही वाईट बोललं नाही. गप्पा पुन्हा सुरू झाल्या, जणू तिथे पाय नव्हताच, जणू मीच नव्हतो. चटईखाली माझा अंगठा हलत होता. गुडघ्याखालचं माझं ऐकतं असं तेवढंच उरलंय. चर्चमध्ये तुला हसवायला हलवायचो तो, आणि मार तू खायचास.

इथे मी बसगाड्यांची लाकडी अंगं बनवतो. दिवसभर उभं राहायचं काम. मी उभा असतो नाहीतर आडवा असतो, मधली अवस्था देवाने परत घेतली. आणि आपल्या सभाघरात नेमकी मधलीच अवस्था चालते. उभं राहणं उद्धटपणा, पाय पसरणं अपमान, खुर्ची म्हणजे तर पाप. दर सोमवारी पायावर चटई घेऊन, 'माफ करा, माफ करा' करत आजारी म्हातारीसारखा बसणारा तौलेवा मला व्हायचं नाही. तुझे दोन्ही गुडघे झकास आहेत. तू घे.

मुलीचं म्हणशील तर, प्रेम गोवरासारखं असतं. अंगावर येतं, खाज सुटते, उतरतं.

एसेरा


फागालेआ
३ फेब्रुवारी

एसेरा,

आज दादा म्हणणार नाही.

फुआतिनोचं पत्र आलं. त्यात माझ्याविषयी चार ओळी आणि तुझ्याविषयी एक पान. 'तुझा भाऊ रोज येतो, इतकं हसवतो की पाव करपतात.' रोज? मी पाकिटं पाठवली दोन, आणि तू रोज? हा कुठला दर? मी इथे डुकरांच्या कुंपणाला दगड लावतोय आणि तू तिथे माझ्या माणसाला हसवतोयस!

गोवर म्हणे. तुला काय ठाऊक? तू कधी कुणापुढे हात पसरलायस? तुला पसरता येत नाही तो हात. पाय पसरतो, हात नाही.

एका म्हाताऱ्याने चौदा वर्षांपूर्वी एक थट्टा केली, आणि ती तू अजून उशाला घेऊन झोपतोस. त्या पायाला तू राजा करून ठेवलंयस, आम्ही सगळे त्याचे नोकर. बाबा नोकर म्हणून मेले. आई रोज संध्याकाळी बोट दिसेनाशी होईपर्यंत वाळूत उभी असते, ती नोकर. आणि मी जन्मठेपेचा. तुझी मांडी बसत नाही म्हणून माझी बसवायची, मरेपर्यंत?

एवढाच नडतो ना तो पाय? मग कापून टाक आणि ये!

कालोलो


आपिया
१५ फेब्रुवारी

कालोलो,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पुढच्या बोटीने येऊन तुला बडवावं. दुसऱ्यांदा वाटलं, पोरगं रडत रडत लिहितंय. तिसऱ्यांदा वाटलं, हा मास्तर होण्यापेक्षा सुतार बरा झाला असता. फळी बसत नसेल तर नडणारा तुकडा कापायचा, ही साधी गोष्ट मला इतकी वर्षं सुचली नाही.

इस्पितळात जाऊन आलो. न्यूझीलंडहून हाडांचा डॉक्टर वर्षातून एकदा येतो, या खेपेला २२ मार्चला. आपला इथला डॉक्टर म्हणाला, "हाड दरवर्षी पाझरतं, दुखतं, हे खरं. तू म्हणत असशील तर मांडीपासून काढता येईल. पण नव्याने चालायला शिकावं लागेल, एसेरा." मी म्हटलं, चालायचं सोडा, बसायचं बोला. एक मांडी, एक थोटूक. समोर कुणावर काही रोखलेलं नाही. चटई नको, माफी नको. त्याने माझं नाव घातलं.

ईस्टरला येतो. बोटीचं तिकीट पाऊण लागतं का, चौकशी करून ठेव.

बेकरीचं म्हणशील तर, रोज जातो कारण पोट रोज लागतं. तुझी पत्रं ती मला वाचून दाखवते. त्यातले निम्मे शब्द आम्हा दोघांना मिळूनही कळत नाहीत. कॉलेज अर्धवट सोडण्याचे परिणाम. मुलगी चांगली आहे. गोवराचा शब्द मागे घेतो.

आईला यातलं काही सांगू नकोस.

एसेरा


फागालेआ
२४ फेब्रुवारी

दादा, दादा, दादा,

नको. नको. मी रागात लिहिलं रे! रागात लिहिलेलं कुणी करतं का? लहानपणी मी तुला शंभरदा 'जा, समुद्रात बुड' म्हटलंय, बुडलास का?

तुझा अंगठा हलतो अजून. हलणारी वस्तू कुणी कापतं? मला ती पदवी चालेल. उद्या डोक्यावर ठेवा म्हणावं. मी मरेपर्यंत मांडी घालून बसेन, डुकरं मोजेन, फुआतिनोला जाऊ दे, सगळ्या जगाला जाऊ दे. फक्त त्या डॉक्टरला नाही म्हण.

हे पत्र उद्याच्या बोटीने निघेल.

२६ फेब्रुवारी. निघालं नाही. काल दुपारपासून वारा सुटलाय. बोट नाही.

२८ फेब्रुवारी. आम्ही सगळे चर्चमध्ये आहोत, कारण भिंती फक्त त्यालाच. नारळ तोफेच्या गोळ्यांसारखे येतायत. मोसेकाकांच्या घराचं छप्पर उडून खाडीत पडलं आणि मला, देव माफ करो, फक्त एकच गोष्ट दिसतेय : हे पाकीट माझ्या खिशात भिजतंय आणि तुझ्याकडे माझं जुनं पत्र कोरडं ठणठणीत पडलंय.

२ मार्च. वारा थांबला, पण धक्का वाहून गेला. बोट केव्हा ते कुणी सांगत नाही. मी किनाऱ्याने चालत पोस्टापर्यंत गेलो. त्यांच्या वायरलेसवरून रेडिओला निरोप दिला. संध्याकाळी वाचला, एक मयत आणि एक हरवलेली होडी यांच्या मध्ये : 'फागालेआच्या कालोलोकडून आपियातला भाऊ एसेरा यास. पाय कापू नकोस. चूक माझी. खांब तुझा. पाय ठेव.'

आईनेही ऐकला. आपल्या गावात एकच रेडिओ आहे आणि तो तेव्हा चर्चच्या पायरीवर होता. ती माझ्याशी बोलत नाही.

दादा, ऐकलास ना?

कालोलो


आपिया
८ मार्च

अरे शहाण्या कालोलो,

तुझ्या भावाने निरोप ऐकला. बेकरीत मीही ऐकला. बाजारातल्या मासेवाल्या बायकांनी ऐकला, बसवाल्यांनी ऐकला. तुझ्या निरोपाला इथे आता चाल लावलीय पोरांनी. तुझा भाऊ रस्त्याने निघाला की कुणीतरी बसच्या खिडकीतून ओरडतं, "काय एसेरा, आहे का अजून?" आणि तो हात वर करून, "बावीस तारखेपर्यंत आहे, बघून घ्या!" असं म्हणत निघून जातो. मग वर्कशॉपात जाऊन रंधा असा मारतो की फळीचा कागद होतो.

आधी तो नाही म्हणण्याची थोडी तरी आशा होती. आता मुळीच नाही. सगळा देश बघत असताना तुझा भाऊ माघार घेईल, असं तुला वाटलंच कसं? तुझं वादळातलं पत्र काल पोचलं. मी म्हटलं, वाच. तो म्हणाला, "भिजलंय, वाळू दे." खिडकीत लाकडाखाली ठेवलंय. पण वाचलंय त्याने. दोन कोपरे दुमडलेले मी पाहिले.

मी त्याला सरळ विचारलं, "तुला तो पाय नको झालाय का?" बराच वेळ करवतीच्या दात्यांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "पावसाच्या आधी तो मला सांगतो. रात्रभर सोबत करतो. पाय नको झाला नाही गं. चटई नको झालीय."

म्हणजे बघ. यात मी काही करू शकत नाही आणि डॉक्टरही करू शकत नाही. जे करायचं ते तुमच्या त्या घरात आहे, जिथे मी येऊ शकत नाही आणि तो येत नाही. तू तिथेच अडकलायस ना? मग अडकल्या जागी काहीतरी कर.

आणि 'फुआतिनोला जाऊ दे' असं लिहिलंस तेही मी वाचलं. कोपरे दुमडायच्या आधी.

फुआतिनो


फागालेआ
१४ मार्च, सोमवार

दादा,

मी काहीतरी केलं. आता घोटाळा झालाय. हे पत्र बोटीवरच्या खलाशाच्या हातात देतोय, तो थेट वर्कशॉपात आणून देईल.

आज सभेत मला बोलावलं होतं, पदवी घेतो की नाही ते विचारायला. खांबाजवळ बसायला सांगितलं. बसलो. आणि उजवा पाय समोर पसरला. सरळ. लेमानांवर रोखून.

आधी कुणाला वाटलं मुंगी चावली. मोसेकाका खालच्या आवाजात म्हणाले, "पाय."

मी म्हटलं, "हो, पाय आहे."

"आत घे, गाढवा."

"नाही येत."

लेमाना शांतपणे म्हणाले, "कालपर्यंत येत होता, पोरा."

"आजपासून येत नाही, आजोबा. माझ्या भावाचा येत नाही तोवर माझाही येणार नाही. तुम्ही चौदा वर्षांपूर्वी हसला होतात. आज हसा की. गोळी आहे की नुसतीच नळी, विचारा!"

दादा, ते वाक्य मी पाठ केलं होतं. पण तोंडातून निघालं आणि ते घर असं गप्प झालं की बाहेर आईच्या हातातला खराटा थांबलेला ऐकू आला. काकांनी चवरीच्या दांड्याने माझ्या गुडघ्यावर मारलं. मी हलवला नाही. सभा चालली तेवढा वेळ तो तसाच ठेवला. पहिल्यांदा मांडी भरून आली, मग कंबर. पण ते काहीच नाही. प्रत्येकजण माझ्या पायाकडे बघत होता आणि माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. तेव्हा मला तुझी गोष्ट कळली. पत्रात कळली नव्हती.

मला वाटलं होतं, एखाद्या डुकराचा दंड होईल. पण तसं झालं नाही. वक्त्याचा भर सभेत अपमान, म्हणून निकाल असा : आपल्या घराने गाव सोडायचं. रविवारच्या आत. नाहीतर घराच्या प्रमुखाने येऊन माफी मागायची, जुन्या रीतीने. रीत तुला माहीतच आहे : पहाटे सभाघरासमोर वाळूत बसायचं, डोक्यावरून तलम चटई घ्यायची, आणि त्यांनी ती उचलेपर्यंत हलायचं नाही. उचलली तर माफी. नाही उचलली तर नाही.

मी म्हटलं, मी बसतो. ते म्हणाले, तू प्रमुख नाहीस. मोसेकाकांना म्हटलं, तुम्ही बसा. ते म्हणाले, "थोरला जिवंत असताना मी बसलो तर तो तुझ्या बापाचा अपमान."

म्हणजे तूच. तुला चटई नको, म्हणून मी हे केलं, आणि आता तुझ्याकडे मागतोय काय, तर पायावर नाही, डोक्यावरून घे चटई. माझ्यासाठी. हसू नकोस.

शुक्रवारच्या बोटीने निघालास तरच जमेल. आणि इथे आलास की २२ तारखेच्या मंगळवारी तू तिथे नसशील, डॉक्टर येऊन परत जाईल. हे मी ठरवून केलं नाही, शपथ घेतो. पण तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा आत कुठेतरी गार वाटलं, तेही लपवत नाही.

आई भांडी बांधतेय.

कालोलो


फागालेआ
२८ मार्च

फुआतिनो,

रेडिओ तूही ऐकला असशील. 'आपियाच्या एसेराकडून फागालेआचा भाऊ कालोलो यास. शुक्रवारच्या बोटीने येतोय. दोघंही येतोय. मी आणि पाय.' सगळा गाव चर्चच्या पायरीवर होता. आईने बांधलेल्या भांड्यांतलं एक सोडलं आणि त्याच्यासाठी नीरफणस शिजायला ठेवला.

शनिवारी तांबडं फुटायच्या आत आम्ही वाळूत बसलो. चटई आजीच्या हातची, केवड्याच्या पातीची, इतकी तलम की घडी करून मुठीत यावी. काका म्हणाले, एकटा प्रमुख बसतो. दादा म्हणाला, "ज्याने आग लावली तो बाहेर वारा खात बसणार का? ये आत." मग आम्ही दोघं एका चटईखाली.

तुला सांगतो, आयुष्यात इतका कोंडलेला मी कधी नव्हतो. ऊन चढलं तसं आत भट्टी झाली. समोर सगळे मताई आपापल्या खांबाशी येऊन बसल्याचं ऐकू येत होतं.

मी कुजबुजलो, "दादा, तुझा पाय बाहेर आलाय."

"माहीत आहे."

"चटई ओढू का थोडी?"

"ओढशील तर बघ."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "आज ते मारतील का?"

"तुला मारतील. मला मारायला गावात कुणी उरलं नाही, रेडिओवर सगळा देश माझ्या ओळखीचा झालाय." मग म्हणाला, "रडतोयस का?"

"घाम आहे."

"डोळ्यातनं येतोय तुझा घाम."

ऊन आणखी चढलं. त्याच्या खांद्याचा रेटा माझ्या खांद्याला होता. त्या पायाने वाळूत बसलेल्या माणसाला पाठीचा आधार लागतो. खांब नव्हता म्हणून मी होतो. मी जरा सरकलो असतो तर तो कोलमडला असता. ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. इतकी वर्षं त्याने कुणाला टेकू दिलं नव्हतं स्वतःला. मला एकदम वाटलं, उचलू नका अजून. मग लगेच वाटलं, उचला, मरतोय.

शेवटी पावलं वाजली. म्हातारी, घासत येणारी. थांबली.

"या चटईखाली पाय किती आहेत रे?" लेमानांचा आवाज.

दादा म्हणाला, "चार, आजोबा."

"मला तर एकच दिसतोय."

"दाखवण्यासारखा तेवढाच आहे."

आणि फुआतिनो, चटई उचलली गेली. उजेडाने आम्हाला काही दिसेना. लेमाना आजोबा हातात चटई धरून उभे होते आणि दादाच्या पायाकडे बघत होते. लपूनछपून नाही, नीट, जसं माणूस माणसाकडे बघतो तसं. एका पोराने धावत जाऊन दुसरी साधी चटई आणली, पायावर टाकायला. दादा म्हणाला, "नको." पोरगं घाबरून लेमानांकडे बघायला लागलं. ते वळले आणि आत गेले. मग आतून हाक आली, "तौलेवाचा खांब रिकामा आहे."

दादा आत गेला. वाकता येतं तेवढं वाकून, खांबांच्या कडेने. बाबांच्या खांबाला पाठ लावली, हाताने धरत धरत खाली बसला आणि पाय समोर गेला, जायचा तिथेच. लेमानांच्या छातीवर रोखलेला.

त्यांच्या घराण्याचे सगळे वक्ते त्याच खांबाला टेकत आले. तो खांब सोडून त्यातलं कुणी बसल्याचं गावात कुणाला आठवत नाही. लेमानांनी चवरी उचलली, दोन्ही हात जमिनीला लावले आणि हातभर बाजूला सरकले. पाठ हवेत. ताठ. मग म्हणाले, "हं, अवाचा पेला आणा."

एवढंच. दादाचा पाय आता त्या मोकळ्या खांबाशेजारून बाहेर, समुद्राकडे जातो. तिथे कुणी बसत नाही.

दादाने पहिलंच भाषण माझ्यासाठी केलं. म्हणाला, धाकट्याला सोडा, त्याला आपियात काम आहे. सगळ्यांना ते काम काय ते माहीत होतं, हसले. लेमाना म्हणाले, "धाकट्याचा पाय भलताच लांब झालाय. पुढच्या वर्षीच्या ईस्टरपर्यंत इथे मांडी घालून अवा वाढू दे, होईल आखूड." दादाने दोनदा रदबदली केली. नाही ऐकलं. म्हणजे मी इथेच. गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

डॉक्टर येऊन गेला असेल. त्या मंगळवारी दादा सभाघरात एकटा आमच्या खांबाचं लाकूड नखाने टोकरत होता. "वाळवी आहे," म्हणाला. मी विचारलं, पुढच्या वर्षी डॉक्टर येईल तेव्हा? तर म्हणाला, "पाय माझा आहे, मी बघेन. तू रेडिओपासून लांब राहा." रात्री पाय ठणकतो त्याचा, मला ऐकू येतं. आपियाचं वर्कशॉप, उभं राहायचं काम, तुझ्या बेकरीतला पाव, सगळं गेलं त्याचं. संध्याकाळी शंख वाजला की आम्ही दोघं बोटीकडे बघतो, आणि मग आई आम्हा दोघांकडे.

आता माझं. तुला 'थांब' म्हणून चार पानं लिहिली होती. दादाने घडी बघूनच विचारलं, "हे पत्र आहे की दोरी?" मी फाडली ती. तू जूनमध्ये जा. विमान आमच्या गावावरून जातं का ते मला माहीत नाही. जात असेल तर मी कुठेही असलो तरी वर बघत असेन. पुढच्या वर्षी ईस्टरनंतर मला पाय असतील. तेव्हा तुला हवं असेल तर मला पत्ता कळव, नको असेल तर तसं कळव. गप्प मात्र राहू नकोस.

आज सोमवार होता. मी अवा वाढला. पेला दोन्ही हातांत धरून त्या पायाला वळसा घालून जावं लागतं; ओलांडला तर घोर अपमान. दादाच्या समोर वाकलो. तौलेवाने वाढप्याकडे बघायचं नसतं, तो समुद्राकडे बघत राहिला, तोंड दगडासारखं, अगदी बाबांसारखं. पेला घेतला. सगळं सभाघर गंभीर. आणि खाली, सगळ्यांसमोर उघड्यावर, त्याचा अंगठा हलला.

मला हसू फुटलं. काकांनी चवरी मारली.

कालोलो